भुयारातली खिडकी

कॉम्प्युटरचा डबा कधी उघडून बघितलाय? बाहेरून रोज फडकं मारलं तरी आत धूळ साचतेच. कुठून येते ते कोणालाच कळत नाही. किश्शांचंही तसंच असतं. भास्करशेठच्या दुकानात आम्ही सगळे वेळ घालवायला जायचो, किस्से करायला कोणी जात नव्हतं. पण आज झाकण उघडून नुसती फुंकर मारली तरी तोंडभर उडतात.

आधी मी कोण ते सांगतो. नाशकातल्या सिडकोत माझं पंखे, मिक्सर आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेनं मला सातवीत सोडलं, मी तिला त्याच्या आधीच सोडून दिलं होतं. मला सगळे अण्णा म्हणतात आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्यांनी ठेवला त्यांनी माझ्या हातचा मिठाचा चहा प्यायलाय.

शेजारच्या गाळ्यात भास्करशेठचं कॉम्प्युटरचं दुकान. पुढच्या भागात वायरीनं एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर, त्यांच्यावर गेम. मागच्या भागात, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे, शेठच्या बायकोचा टायपिंगचा क्लास. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सिडकोत घरी कॉम्प्युटर असणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे लोक पोरांची पत्रिका बनवून मागायला जायचे असा माणूस.

गेमचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात मावत नव्हतं. आम्ही त्याला ‘भुयार’ म्हणायचो. बंदूक घेऊन भुयारात शिरायचं, अंगावर येईल त्याला मारायचं आणि शेवटच्या खोलीतून बाहेर पडायचं. झाला गेम.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे किस्से हसण्याचे वाटतील, पण सगळे फिरून फिरून आमच्या काशिनाथपाशी येतात. काशिनाथ आता नाही. त्याचा खेळ साठवलेली एक फाइल आहे. ती फाइल बघायला त्याची बायको मंजुळा हरसूलहून आली होती, आणि तिच्या पोरीनं पुढं कुठं राहायचं ते त्या दिवशी ठरायचं होतं. ते शेवटी येईलच. आधी धूळ झाडू.

*

दुकानात बोलायला बंदी होती. पलीकडे पोरी टायपिंग शिकायच्या आणि इकडे आम्ही ‘अरे मागं बघ, मेलास!’ म्हणून ओरडलो की त्यांच्या अर्जात तेवढंच उमटायचं. एक दिवस शेठच्या बायकोनं पार्टिशनचं दार उघडलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “यापुढे ज्याचा आवाज आला, तो इकडे बसून शिकेल.”

त्या दिवसापासून सगळे मुके झाले. पण माणसाला बोलल्याशिवाय चालतं थोडंच? म्हणून एक पद्धत पडली. हात कळांवर आणि माउसवर गुंतलेले, डोळे पडद्यावर. कोणी मागून हळूच काही विचारलं की उत्तर पडद्यावरच द्यायचं. माउस वर-खाली केला की पडद्यावरचं सगळं भुयार वर-खाली व्हायचं, म्हणजे हो. डावी-उजवीकडे केला की नाही. चहा घेणार? भुयार वर-खाली. घरी जायचं का? भुयार डावी-उजवीकडे.

बाहेरचा माणूस आला की त्याला वाटायचं, यांचे कॉम्प्युटर बिघडलेत. एकदा एक गिऱ्हाईक माझ्याकडे स्टॅबिलायझर घ्यायला आलं, शेजारी बघून म्हणालं, “अण्णा, आधी त्यांना द्या, त्यांचं सगळं हलतंय.” मी दिला असता, पण शेठनं घेतला नसता.

*

या मुक्या खेळात काशिनाथ सगळ्यांचा बाप होता, कारण तो मुळातच बोलत नव्हता.

हरसूलकडचा. घरी थोडी भातशेती, इकडे अंबडला एका कंपनीत प्रेस मशीनवर. कामावरून सुटला की यायचा, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचा. त्याला काही विचारलं की तो आधी तुमच्याकडे बघायचा, मग जमिनीकडे, मग लांब कुठंतरी, आणि मग उत्तर द्यायचा. मी त्याला एकदा टपरीवर विचारलं, भजी खाणार का? त्याचं उत्तर येईपर्यंत घाणा संपला. दुसरा घाणा निघाला तेव्हा म्हणाला, “खाऊ.”

खेळही तसाच. आमचा निंबा दार दिसलं की आत उडी मारायचा आणि आत जाऊन मरायचा. हा निंबा सटाण्याकडचा, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर, राहायलाही ओझरलाच. बहीण सिडकोत, म्हणून सुट्टीच्या दिवशी बहिणीला भेटायला यायचा. बहिणीनं त्याला कधी बघितलं ते मला माहीत नाही.

काशिनाथ मात्र प्रत्येक दारात थांबायचा. आत काही असो नसो, उंबऱ्यावर थोडा उभा राहणार, मग पाय टाकणार. आम्ही विचारलं, दारात काय असतं रे? तो जमिनीकडे बघून झाल्यावर म्हणाला, “दुसऱ्याच्या घरात थांबून जावं.”

समोरून आगीचे गोळे येतायत आणि हा माणूस रीतभात पाळतोय!

*

आता त्या फाइलीचं.

शेठकडे प्रशांत नावाचा पोरगा कॉम्प्युटर जोडायला होता. डिप्लोमा झालेला, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यानं शोधून काढलं की भुयारात तुमचा खेळ साठवून ठेवता येतो, नंतर परत बघता येतो. एका संध्याकाळी त्यानं काशिनाथचा खेळ साठवला.

काशिनाथ त्या दिवशी पहिल्या दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत न मरता गेला. शेवटच्या खोलीत एक खिडकी होती. बाहेर डोंगराचं चित्र. चित्र कसलं, तपकिरी चौकोनावर तपकिरी चौकोन. आम्हाला ते शेणाच्या गोवऱ्या रचल्यासारखं दिसायचं. काशिनाथ नेहमी तिथे थांबायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला होता, “हे आमच्याकडचं हाय.”

त्या दिवशीही थांबला. मोठी बंदूक खाली ठेवली, छोटी हातात घेतली आणि डोंगर बघत उभा राहिला. मग कोणीतरी मागून काहीतरी विचारलं आणि त्यानं माउसनं भुयार वर-खाली केलं, हो म्हणून. ते सगळं फाइलीत साठलं.

काय विचारलं होतं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. निंबा म्हणतो, त्यानं चहाचं विचारलं. शेठ म्हणतात, दुकान बंद करायचं का असं त्यांनी विचारलं. मी काय म्हणतो ते कोणी विचारत नाही.

*

मला भुयार खेळता यायचं नाही. पहिल्या दारात मी स्वतःलाच मारायचो, आणि ते कसं जमतं हे प्रशांतला शेवटपर्यंत कळलं नाही. पण ती फाइल लावायला मी शिकलो. तेवढी एक इंग्रजी ओळ पाठ केली. आयुष्यात पाठ केलेली ही माझी एकमेव कविता.

एकदा कॉलेज रोडकडचा एक पोरगा आला. पायात चमकणारे बूट, घरून स्वतःचा माउस घेऊन आलेला. इथे सगळ्यात भारी कोण खेळतं, म्हणाला. शेठनं काही बोलायच्या आत मी कोपऱ्यात जाऊन बसलो. फाइल लावली, कळांवर बोटं नाचवायला सुरुवात केली. पडद्यावर काशिनाथ भुयारात शिरला. पोरगा माझ्या मागे येऊन उभा राहिला. हातात पक्कड घेऊन फिरणारा, बनियनला भोकं पडलेला माणूस असा खेळतोय म्हटल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं.

खिडकी आली. आता मला ती फाइल इतकी पाठ झाली होती की डोळे मिटून सांगितली असती. मोठी बंदूक खाली जाते. छोटी वर येते. मग एक मोठा श्वास घ्यायचा, तो सोडला की भुयार हलतं. मी मोठी बंदूक खाली जाताना निंबाला डोळा घातला. निंबा पोराच्या कानात म्हणाला, “अण्णांना चहा विचार ना. गुरू मानायचं असलं की चहा विचारतात.”

पोरगा वाकला. “काका, चहा घेणार?”

छोटी बंदूक वर आली. भुयार वर-खाली झालं.

पोरानं चहा आणला. त्यानंतरही बरेच दिवस आणत होता. काशिनाथ शेजारी बसून सगळं बघत होता. माझ्याकडे बघून झालं, जमिनीकडे झालं, लांब बघून झालं, मग म्हणाला, “अण्णा, अर्धा मला.”

*

पुढे दोन हजार साल उजाडलं आणि शेठनं नवे कॉम्प्युटर आणले. गोरेपान डबे, पुढे निळा दिवा. जुन्यांपैकी फक्त कोपऱ्यातला एक ठेवला.

पहिला मान निंबाला. तो खुर्चीवर टेकला, पुढे जायची कळ दाबली आणि भुयाराच्या शेवटच्या भिंतीवर आपटून मेला. खुर्ची अजून नीट सरकवलेलीसुद्धा नव्हती.

“हाई कितलं पळस भो!” तो मोठ्यानं म्हणाला आणि त्या आठवड्यात टायपिंगला बसला.

प्रशांतनं समजावलं की हा गेम सावकाश चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी बनवलाय. कॉम्प्युटर जेवढा जोरात, तेवढा गेम जोरात. मी म्हटलं, एवढंच ना? पंखा हळू करतो तसं करू. दुकानातून रेग्युलेटर आणला आणि प्रशांत नको नको म्हणेपर्यंत जोडला. कॉम्प्युटर हळू झाला नाही. बंद पडला. त्याच्याबरोबर पार्टिशनपलीकडचेही बंद पडले.

दार उघडलं. शेठची बायको म्हणाली, “अण्णा, तुमच्या दुकानातली लाइट संपली का?”

मग प्रशांतनं कुठून तरी कॉम्प्युटरला ब्रेक लावणारा प्रोग्राम आणला. जगातले सगळे इंजिनिअर कॉम्प्युटर पळवायला धडपडत होते आणि आमचा त्याला लंगडा करायला धडपडत होता. तेवढे दिवस काशिनाथ कोपऱ्यातल्या जुन्यावर निवांत खेळत होता. त्याला ब्रेकची गरज नव्हती. तो स्वतःच ब्रेक होता.

*

इंटरनेट आल्यावर प्रशांत पार हाताबाहेर गेला. परदेशातल्या कोणी कोणी हौशी लोकांनी भुयार आतून नवीन लिहून काढलं होतं. नव्या कॉम्प्युटरला ब्रेक लागत नाही, पडदा भरून दिसतं, सावल्या पडतात, पाण्यात दिवा दिसतो. प्रशांतनं ते उतरवून घेतलं, वर नवीन ग्राफिक कार्ड बसवलं. ते कार्ड एवढं तापायचं की शेठनं त्याच्यासमोर स्वतःचा टेबलफॅन लावला. शेठनं आयुष्यात गिऱ्हाइकाला फॅन लावलेला मी बघितला नाही.

सगळ्यांना बघायला बोलावलं. खरंच छान दिसत होतं, खोटं का बोलू. पण एक घोटाळा झाला. भुयारात एक जाडा, चौकोनी प्राणी होता. जुन्या पडद्यावर त्याचं तोंड धड दिसायचं नाही, नुसता लाल तुकडा आणि दोन ठिपके. आम्ही त्याला फोरमन म्हणायचो. कामावर ज्याचं खऱ्या फोरमनशी वाजायचं, तो संध्याकाळी येऊन या फोरमनला मारायचा आणि शांत होऊन घरी जायचा. नव्या पडद्यावर तो पहिल्यांदा स्वच्छ दिसला. तो किडा होता. सहा पाय, पाठीवर केस.

निंबानं कळांवरून हात काढला. मग हळूच म्हणाला, “याला मारीसन काय उपयोग?”

त्याचं भुयारावरचं मनच उडालं.

काशिनाथला प्रशांतनं मुद्दाम खिडकीपाशी नेलं. म्हणाला, काशिनाथभाऊ, आता बघा तुमचा डोंगर. गोवऱ्या गेल्या होत्या. निळं आभाळ, टोकदार सुळके आणि त्यांच्यावर पांढरं शुभ्र बर्फ.

काशिनाथ बघत राहिला. आम्ही त्याच्या उत्तराची वाट बघत राहिलो, सवयीप्रमाणे. भुयार सावकाश डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं.

“काय झालं?” प्रशांत म्हणाला.

“भात येनार नाय तिथं,” काशिनाथ म्हणाला आणि उठून कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला.

*

पुढच्या पावसाळ्यात तो भाताच्या लावणीला गावी गेला. दरवर्षी जायचा, पाय पांढरे पडलेले घेऊन परत यायचा. त्या वर्षी नाही आला. कावीळ झाली होती, उशिरा कळलं.

दुकानात दोन-चार दिवस कोणी कोपऱ्यात बसलं नाही. मग शेठनं तो जुना कॉम्प्युटर निंबाला देऊन टाकला. कोणाच्याच्यानं त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे शेठ बोलले नाहीत. जागा अडते, असं म्हणाले. देण्याआधी प्रशांतनं ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चला, म्हटलं, काशिनाथ जागेवर आहे.

त्याची पेटी खोलीवर राहिली होती. ती पोचवायला निंबा हरसूलला गेला, बाजाराच्या दिवशी. आता दुःखाच्या घरी जाऊन काय बोलावं हे मोठमोठ्यांना जमत नाही. निंबानं मंजुळावहिनींना सांगितलं, “काळजी करू नका. तो अजून आमच्याकडे येऊन खेळतो.”

तिथे काशिनाथचा धाकटा भाऊ रामदास बसला होता. त्यानं निंबाला पाणीसुद्धा न विचारता एसटीत बसवून दिलं.

पण वहिनींनी ते मनात ठेवलं.

*

पुढचा उन्हाळा सरत आला तेव्हा त्या आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, सोबत रामदास, पांढरी टोपी घातलेला, तोंड घट्ट मिटलेला. शेठच्या बायकोनं त्यांना आत नेलं, चहा दिला आणि बायकांचं बोलणं झालं. ते तिनं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं.

पोरगी चौथी पास झाली होती. पुढं शिकवायची तर तिला घेऊन नाशकात यायचं, अंबडला पॅकिंगचं काम धरायचं, असं वहिनींच्या मनात होतं. काशिनाथ असतानाच होतं. शेवटचा लावणीला आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, सांगतो. आणि आवणात, भाताच्या खाचरात गेला. मग ताप आला, मग बोलणंच थांबलं.

रामदास वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “दादा हो म्हनला असता तर मी स्वतः बोचकं उचलून आनलं असतं. पन दादा हो बोलला नाय. मी कसा बोलू?”

पोरीचं शाळेत नाव घालायचे दिवस तोंडावर आले होते.

वहिनींना एवढंच हवं होतं, की त्याला एकदा बघावं. मग हरसूलला परत जायला सांगितलं तरी त्या जाणार होत्या.

तोवर प्रशांतनं सगळी तयारी केली होती. काशिनाथच्या घरची माणसं बघणार म्हणून सगळ्यात मोठा मॉनिटर, सगळं नवीन भुयार, सावल्या, पाणी, दिवे. टेबलफॅन चालू. सगळे मागे उभे राहिले. फाइल लावली.

काशिनाथ भुयारात शिरला. पहिल्या दारात थांबला. दुसऱ्या दारात थांबला. मग एक किडा पहिल्यासारखा डावीकडून यायच्या ऐवजी उजवीकडून आला. काशिनाथनं डावीकडे गोळी मारली, जिथे कोणी नव्हतं. पुढे वळला आणि भिंतीला धडकला. परत धडकला. भिंतीला नाक लावून चालत राहिला, हवेत गोळ्या मारत राहिला. मागून किडे त्याला चावत होते आणि तो वळत नव्हता.

“बंद कर,” शेठ म्हणाले.

रामदास उठला होता. “माझा भाऊ भिंतीला डोकं आपटनारा नव्हता,” तो म्हणाला. “वहिनी, चला.”

प्रशांतनं चष्मा काढला होता. मला तो बाहेर घेऊन गेला आणि सांगायला लागला. त्या फाइलीत चित्र नसतं. फक्त बोटं असतात. काशिनाथनं कुठली कळ कधी दाबली, एवढंच. कॉम्प्युटर भुयार नव्यानं मांडतो आणि त्याची बोटं त्यात सोडतो. भुयार जुनंच असेल तर बोटं बरोबर जातात. नवीन भुयारात किड्यांच्या चाली थोड्या बदलल्यात. बोटं तीच, पण आंधळी झाली.

“मग जुनं लाव,” मी म्हटलं.

“जुनं मी काढून टाकलं, अण्णा. नवीन एवढं चांगलं होतं.”

आम्ही दोघांनी एकदमच दारात उभ्या निंबाकडे बघितलं.

*

वहिनींना शेठच्या बायकोनं जेवायला बसवलं आणि रामदासलाही बसावंच लागलं. तेवढ्यात आम्ही रिक्षा करून ओझरला निंबाच्या घरी.

कॉम्प्युटर कपाटावर होता, जरीच्या आवरणाखाली. निंबानं तो आणल्यापासून एकदाही चालू केला नव्हता. पण खंडेनवमीला हत्यारं पुजतात तसा तो पुजला होता. निंबाच्या बायकोनं हात राखला नव्हता. मॉनिटरवर पाच बोटं हळदीची, कळांवर कुंकू, झेंडूची वाळलेली माळ अजून लटकलेली, आणि फ्लॉपीच्या खाचेत अक्षता.

प्रशांत खाली बसला. “यात तांदूळ कोणी घातले?”

“देवाले घालतस तसं,” निंबाची बायको म्हणाली. “तोंड दिसनं तठे घातलं.”

मी चिमटीनं अक्षता काढल्या, ब्रशनं हळद झाडली. सगळी नाही निघाली. रिक्षात निंबानं मॉनिटर मांडीवर घेतला होता, आणि द्वारका चौकापर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्या टोळक्याच्या मानानं ही मोठी गोष्ट झाली.

*

कोपरा रिकामा करून तिथेच लावला. छोटा पडदा, कडेला हळदीचे डाग. सुरू व्हायला त्यानं त्याचा वेळ घेतला, शेवटी काशिनाथचाच कॉम्प्युटर. मग भुयार आलं. चौकोनी, मळकट, आमचं.

मी माझी ती एक ओळ टाइप केली.

काशिनाथ आत शिरला. पार्टिशनपलीकडे टायपिंग थांबलं होतं.

“ते कुठं हायेत?” वहिनींनी विचारलं.

शेठ म्हणाले, “वहिनी, यात तो दिसत नाही. त्याला जे दिसत होतं, ते आपल्याला दिसतंय.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. किड्यांकडे, गोळ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फोरमन आला, पडला, त्यांनी बघितलंही नाही. पहिलं दार आलं. दुसरं आलं. तिसरं आलं.

“दारात थांबत्यात,” त्या म्हणाल्या. “घरी पन थांबायचे. चालनं त्यांचंच हाय.”

रामदास आता उभा नव्हता. भिंतीजवळच्या स्टुलावर बसला होता आणि टोपी हातात होती.

शेवटची खोली आली. काशिनाथ खिडकीपाशी गेला आणि थांबला. बाहेर गोवऱ्यांचा तपकिरी डोंगर. रामदास पुढे वाकला, डोळे बारीक केले. “हा तर आपल्याकडचा,” असं काहीसं तो स्वतःशीच म्हणाला.

मोठी बंदूक खाली गेली.

मी वहिनींच्या खुर्चीमागे उभा होतो. वाकलो आणि म्हटलं, “वहिनी, विचारायचं असेल ते आता विचारा.”

निंबानं माझ्याकडे बघितलं. प्रशांतनं बघितलं. शेठ छताकडे बघत होते.

वहिनींनी पदर सारखा केला. “पोरीला घेऊन नाशकात येऊ का?”

छोटी बंदूक वर आली.

मी श्वास घेतला आणि सोडला.

डोंगर खाली गेला, वर आला. परत खाली गेला, परत वर आला.

वहिनी रामदासकडे वळल्या. “भावजी, बघितलंत ना?”

रामदास टोपीकडे बघत राहिला, मग जमिनीकडे, मग लांब कुठंतरी. घराण्याचीच सवय.

“बघितलं,” तो म्हणाला. “पन लगेच कसा बोलला? दादा इतक्या लवकर कधी बोलत नसायचा.”

“लगेच कुठं?” वहिनी म्हणाल्या. “वरीस होत आलं इचारून.”